वस्तुमान वस्तूचं, वेग दोघांमधला: विशिष्ट सापेक्षतेची गणितं कशी मांडायची

१५ ऑक्टोबर १९९१ रोजी अमेरिकेतल्या युटा राज्यात ‘फ्लाइज आय’ या वेधयंत्रणेने वातावरणात शिरलेल्या एका वैश्विक किरणाची नोंद केली. त्या एकट्या कणाची ऊर्जा ३ वर २० शून्यं इतक्या इलेक्ट्रॉनव्होल्टच्या (कणांची ऊर्जा मोजायचं एकक) घरात होती. तो प्रोटॉन होता असं धरलं, तर स्वस्थ बसलेल्या प्रोटॉनच्या तुलनेत ही ऊर्जा तीनशे अब्जपटींहून जास्त भरते.

आता त्या प्रोटॉनच्या बाजूने पाहा. तो स्वतःच्या दृष्टीने स्थिर आहे आणि पृथ्वी त्याच्यावर चालून येते आहे, तेवढ्याच वेगाने. ‘वेग वाढला की वस्तुमान वाढतं’ हे वाक्य अक्षरशः खरं असेल, तर त्याच्या दृष्टीने पृथ्वीचं वस्तुमानही तीनशे अब्जपट झालं, म्हणजे सूर्याच्या जवळपास दहा लाखपट. एवढं वस्तुमान सुमारे तीस लाख किलोमीटर त्रिज्येच्या आत कोंबलं की त्याचं कृष्णविवर होतं. पृथ्वीची त्रिज्या जेमतेम ६,३७१ किलोमीटर. म्हणजे प्रोटॉनच्या मते पृथ्वी केव्हाच कृष्णविवर व्हायला हवी होती. पण एखादी वस्तू कृष्णविवर आहे की नाही हे पाहणाऱ्यागणिक बदलू शकत नाही. पृथ्वी कृष्णविवर नाही, आणि त्या प्रोटॉनलाही हे मान्य करावंच लागेल.

म्हणजे गडबड त्या वाक्यात आहे. वेग ही दोघांमधली गोष्ट आहे: पाहणारा आणि पाहिली जाणारी वस्तू. वस्तुमान मात्र त्या एका वस्तूचंच असतं. या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की विशिष्ट सापेक्षता चमत्कारांची पोतडी वाटायला लागते. त्या वेगळ्या ठेवल्या की बहुतेक गणितं शाळेतल्या बीजगणितात सुटतात. वर्गमूळ काढता येणं आणि काटकोन त्रिकोणाची ओळख असणं, एवढी तयारी पुरते.

पायरी १: कागदाच्या डोक्यावर पाहणाऱ्याचं नाव लिहा

‘कण ०.८ प्रकाशवेगाने जातो’ हे वाक्य अर्धवट आहे. कोणाच्या सापेक्ष? प्रयोगशाळेच्या, दुसऱ्या कणाच्या, की सूर्याच्या? गणितात जितके निरीक्षक असतील तितके रकाने आखा, प्रत्येकावर नाव घाला, आणि एका रकान्यातली संख्या दुसऱ्यात सूत्राशिवाय नेऊ नका. या विषयातल्या अर्ध्या चुका निव्वळ एवढ्याने टळतात असं माझं ठाम मत आहे.

समान वेगाने सरळ जाणाऱ्या कोणत्याही निरीक्षकाला निसर्गाचे नियम सारखेच दिसतात, आणि निर्वातातल्या प्रकाशाचा वेग प्रत्येकाला तोच मिळतो. १९०५ साली आइन्स्टाइनने या दोन गृहीतकांवर सगळी इमारत उभी केली. पहिलं गृहीतक गॅलिलिओच्या काळापासूनचं, दुसऱ्याने मात्र काळ आणि अंतर यांच्या जुन्या कल्पना मोडीत काढल्या. प्रकाशाचा वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर आहे, आणि १९८३ पासून मीटरची व्याख्याच या आकड्यावरून केली जाते.

मग काय निरीक्षकागणिक बदलतं आणि काय बदलत नाही? वेग, संवेग, ऊर्जा, वस्तूची लांबी, दोन घटनांमधला काळ, आणि दोन घटना एकाच वेळी घडल्या की नाही हेसुद्धा बदलतं. प्रकाशवेग, कणाचा विद्युतभार, कणाच्या स्वतःच्या घड्याळात मोजलेला काळ आणि त्याचं स्थिर वस्तुमान हे सगळ्यांना सारखंच मिळतं.

म्यूऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनसारखाच पण जड आणि अल्पायुषी कण, हे याचं नेहमीचं उदाहरण. स्थिर म्यूऑन सरासरी २.२ मायक्रोसेकंद टिकतो. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा ६६० मीटरच जातो, तरी वातावरणात दहा-पंधरा किलोमीटर उंचीवर जन्मलेले कितीतरी म्यूऑन जमिनीपर्यंत पोहोचतात. आपण म्हणतो, त्यांचं घड्याळ हळू चालतं. म्यूऑन म्हणेल, माझं घड्याळ ठीक आहे, तुमचं वातावरणच कमी जाडीचं आहे. दोघांचे रकाने वेगळे, पण म्यूऑन जमिनीवर पोहोचला याबद्दल वाद नाही. आणि त्याचं वस्तुमान दोघांनाही १०५.७ एमईव्हीच मिळतं. (एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट आणि जीईव्ही म्हणजे त्याच्या हजारपट. कणभौतिकीत ऊर्जा आणि वस्तुमान याच एककांत मोजतात.)

पायरी २: प्रकाशवेग १ धरा

किलो, मीटर, सेकंद घेऊन बसलात तर प्रत्येक ओळीत प्रकाशवेगाचे वर्ग आणि चौथे घात लोंबकळत राहतात आणि मूळ नातं दिसेनासं होतं. म्हणून वेग प्रकाशवेगाच्या अंशात लिहा: ०.६, ०.८, ०.९९. मग ऊर्जा, संवेग आणि वस्तुमान तिन्ही एकाच एककात येतात आणि त्यांची थेट बेरीज-वजाबाकी करता येते. शेवटी किलो हवेच असतील, तर १ किलो म्हणजे ९ वर १६ शून्यं इतके ज्यूल, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

पायरी ३: गॅमा काढा

वेगाचा वर्ग करा, तो १ मधून वजा करा, त्याचं वर्गमूळ घ्या आणि १ ला त्याने भागा. आलेल्या संख्येला लोरेन्ट्झ गुणक किंवा नुसतं गॅमा म्हणतात. वेग ०.६ असेल तर गॅमा १.२५. वेग ०.८ ला ५/३. वेग ०.८६६ ला २. वेग ०.९९ ला सुमारे ७.१. ताशी ९०० किलोमीटरने उडणाऱ्या विमानासाठी गॅमा १ पेक्षा जेवढा जास्त असतो, तो फरक दशांशचिन्हानंतरच्या तेराव्या स्थानी जाऊन दिसतो. रोजच्या व्यवहारात न्यूटन पुरतो तो यामुळे.

गॅमा हा वेगाचाच दुसरा चेहरा आहे, म्हणून तोही दोघांमधला. ‘या प्रोटॉनचा गॅमा’ असं तोंडात येतं खरं, पण म्हणायचं असतं ‘या प्रोटॉनचा प्रयोगशाळेच्या सापेक्ष गॅमा’.

पायरी ४: ऊर्जा, संवेग आणि त्यांच्यातून निघणारं वस्तुमान

सगळ्या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

ऊर्जा = गॅमा × वस्तुमान
संवेग = गॅमा × वस्तुमान × वेग

इथे वस्तुमान म्हणजे फक्त आणि फक्त स्थिर वस्तुमान. दुसरं कुठलं वस्तुमान या लेखात नाही. कण स्थिर असेल तर गॅमा १, संवेग शून्य आणि ऊर्जा बरोबर वस्तुमान. प्रकाशवेग १ न धरता तेच लिहिलं की E = mc² हे जगप्रसिद्ध समीकरण होतं, आणि ते स्थिर वस्तूबद्दल आहे, हे बहुतेक वेळा सांगायचं राहून जातं. एकूण ऊर्जेतून वस्तुमान वजा केलं की उरते ती गतिज ऊर्जा.

वरच्या दोन ओळींतून गॅमा काढून टाकला की हे नातं मिळतं:

वस्तुमानाचा वर्ग = ऊर्जेचा वर्ग − संवेगाचा वर्ग

शिवाय वेग = संवेग ÷ ऊर्जा. या दोन ओळी पाठ असल्या तर बाकी सगळं त्यांतून काढता येतं.

आता आकडे घालू. एक काल्पनिक कण घ्या, वस्तुमान ३ जीईव्ही. प्रयोगशाळेच्या सापेक्ष तो ०.८ वेगाने उजवीकडे जातो आहे. गॅमा ५/३, म्हणून ऊर्जा ५ आणि संवेग ४. ताळा: २५ − १६ = ९, वर्गमूळ ३.

दुसरी निरीक्षक त्याच दिशेने ०.६ वेगाने निघाली आहे. तिला काय दिसेल? ऊर्जा आणि संवेग एका चौकटीतून (म्हणजे एका निरीक्षकाच्या रकान्यातून) दुसरीत न्यायची रीत अशी:

नवी ऊर्जा = गॅमा × (जुनी ऊर्जा − निरीक्षकाचा वेग × जुना संवेग)
नवा संवेग = गॅमा × (जुना संवेग − निरीक्षकाचा वेग × जुनी ऊर्जा)

इथला गॅमा निरीक्षकाच्या वेगाचा, कणाच्या नव्हे. चुका हमखास इथे होतात, तेव्हा जपून. ०.६ चा गॅमा १.२५. नवी ऊर्जा १.२५ × (५ − २.४) = ३.२५. नवा संवेग १.२५ × (४ − ३) = १.२५. तिच्या मते कणाचा वेग १.२५ ÷ ३.२५, म्हणजे सुमारे ०.३८५. आणि वस्तुमान? १०.५६२५ − १.५६२५ = ९. वर्गमूळ ३.

तिसरा निरीक्षक समोरून, डावीकडे ०.६ वेगाने येतो आहे. त्याच्यासाठी वेगाचं चिन्ह उलटं होतं. ऊर्जा १.२५ × (५ + २.४) = ९.२५, संवेग १.२५ × (४ + ३) = ८.७५, वेग सुमारे ०.९४६. वर्गांची वजाबाकी: ८५.५६२५ − ७६.५६२५ = ९. पुन्हा ३.

तिघांच्या ऊर्जा ५, ३.२५ आणि ९.२५, एकमेकींशी काही मेळ नाही. तिघांच्या हाती लागलेलं वस्तुमान मात्र एकच. कागदावर एकदा हे स्वतः करून पाहाच, कारण वाचून पटणं वेगळं आणि ते ९ तीनदा स्वतःच्या हाताने निघताना पाहणं वेगळं.

प्रकाशाचे कण याच नात्यात बसतात. फोटॉनचं वस्तुमान शून्य, म्हणून त्याची ऊर्जा आणि संवेग समान, आणि वेग नेहमी १. फोटॉनला स्थिर पाहणारा निरीक्षकच नसतो. त्यामुळे त्याच्याबाबत ‘स्थिर वस्तुमान’ म्हणजे ‘स्थिर असताना मोजलेलं’ अशी व्याख्या केली तर अडतं. ऊर्जा आणि संवेग यांच्या वर्गांतला फरक, ही व्याख्या कुठेच अडत नाही.

‘हलतं वस्तुमान’ आलं कुठून?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काउफमान आणि इतर प्रयोगकर्ते वेगवान इलेक्ट्रॉन विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांतून सोडून ते किती वळतात हे पाहत होते. वेग वाढेल तसे इलेक्ट्रॉन वळायला जास्त अवघड होत होते. न्यूटनची सवय असलेल्या माणसाने याचा अर्थ काय लावावा? बल तेच, त्वरण कमी, म्हणजे वस्तुमान वाढलं. त्या काळात हे स्वाभाविक होतं.

पण हिशेब इथेच फसतो. कणाला त्याच्या गतीच्या दिशेने ढकललं तर जडत्व गॅमाच्या घनाच्या पटीत वाढल्यासारखं दिसतं, आणि आडवं ढकललं तर नुसत्या गॅमाच्या पटीत. गॅमा १० असेल तर एका दिशेने हजारपट आणि दुसऱ्या दिशेने दहापट! लोरेन्ट्झ यांनी यासाठी दोन वेगवेगळी वस्तुमानं कल्पिली होती आणि आइन्स्टाइनच्या १९०५ च्या लेखातही ती दोन आहेत. ज्या राशीची किंमत ढकलण्याच्या दिशेवर ठरते, तिला वस्तूचा गुणधर्म म्हणणं अवघड आहे. नंतर गॅमा × वस्तुमान या गुणाकाराला एकच ‘हलतं वस्तुमान’ म्हणायची पद्धत पडली. पण तो गुणाकार म्हणजे एकूण ऊर्जाच. एकाच गोष्टीला दोन नावं देऊन गोंधळ तेवढा वाढला. १९४८ साली एका पत्रात आइन्स्टाइनने स्पष्ट लिहिलं की हलत्या वस्तूच्या वस्तुमानाची कल्पना न आणलेली बरी, स्थिर वस्तुमानावरच थांबावं आणि गतीसाठी ऊर्जा आणि संवेग यांची सूत्रं द्यावीत.

मग कण प्रकाशवेगाला का पोहोचत नाही, तर वस्तुमान वाढून जड होतो म्हणून नव्हे. ऊर्जा कितीही घाला, वेग म्हणजे संवेग ÷ ऊर्जा, आणि वस्तुमान शून्याहून जास्त असेपर्यंत संवेग ऊर्जेपेक्षा किंचित का होईना कमीच राहतो. १९६४ साली विल्यम बर्टोझी यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग हे फार सुंदर दाखवतो. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये त्यांनी इलेक्ट्रॉनांना वेगवेगळी ऊर्जा देऊन ८.४ मीटर अंतर कापायला लागणारा वेळ मोजला. १५ एमईव्ही गतिज ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनचा वेग न्यूटनच्या सूत्राने प्रकाशाच्या साडेसातपटींहून जास्त यायला हवा. आपल्या रीतीने काढू: इलेक्ट्रॉनचं वस्तुमान ०.५११, एकूण ऊर्जा १५.५११, गॅमा सुमारे ३०, वेग ०.९९९५. प्रयोगातही वेग प्रकाशवेगाच्या उंबरठ्यावर येऊन थबकला. ऊर्जा खरोखर इलेक्ट्रॉनांत गेली होती का, ही शंका येणारच म्हणून बर्टोझींनी शेवटच्या ॲल्युमिनियमच्या चकतीत किती उष्णता निर्माण होते तेही तपासलं. ऊर्जा पुरेपूर होती.

पायरी ५: वेग थेट मिळवू नका

दोन वेगांची बेरीज करताना साधी बेरीज ही वरची संख्या. खाली १ + दोन वेगांचा गुणाकार. ०.६ आणि ०.६ मिळवले तर १.२ ÷ १.३६, म्हणजे ०.८८२. एक वेग १ घातला तर उत्तर नेहमी १ च येतं.

इथे एक भेद सांभाळावा लागतो आणि तो फारसा कुणी समजावून सांगत नाही. प्रयोगशाळेत दोन प्रोटॉन समोरासमोरून ०.८६६ वेगाने येत असतील, तर प्रयोगशाळेच्या मोजणीत त्यांच्यातलं अंतर दर सेकंदाला १.७३२ प्रकाशसेकंदांनी घटतं. यात नियमभंग कुठेच नाही, कारण १.७३२ हा कोणत्याच वस्तूचा वेग नाही, ती तिसऱ्याने पाहिलेली अंतर घटण्याची गती आहे. सापेक्ष वेग म्हणजे एका प्रोटॉनवर बसून मोजलेला दुसऱ्याचा वेग, आणि तो १.७३२ ÷ १.७५, म्हणजे सुमारे ०.९९. हा आकडा जवळ ठेवा, सातव्या पायरीत लागणार आहे.

पायरी ६: अनेक कण असतील तर आधी बेरीज, मग वस्तुमान

वस्तुमानांची बेरीज करायची नाही. सगळ्या ऊर्जा मिळवा, सगळे संवेग दिशा धरून मिळवा, आणि मग एकूण ऊर्जेच्या वर्गातून एकूण संवेगाचा वर्ग वजा करा. जे येईल ते त्या समूहाचं वस्तुमान.

विद्युतभार नसलेला पायॉन नावाचा अल्पायुषी कण घ्या, वस्तुमान सुमारे १३५ एमईव्ही. तो बहुतेक वेळा दोन फोटॉनांत मोडतो. स्थिर पायॉन मोडला तर दोन फोटॉन विरुद्ध दिशांनी, प्रत्येकी ६७.५ एमईव्ही घेऊन निघतात. एकूण ऊर्जा १३५, एकूण संवेग शून्य. फोटॉनांच्या जोडीचं वस्तुमान १३५! प्रत्येकाचं शून्य, जोडीचं मात्र पायॉनएवढं. तेच दोन फोटॉन एकाच दिशेने जात असते तर ऊर्जा १३५, संवेगही १३५, आणि जोडीचं वस्तुमान शून्य. म्हणजे समूहाचं वस्तुमान त्यातल्या कणांच्या एकमेकांसापेक्ष गतीवर अवलंबून आहे. एकाच दिशेने जाणाऱ्या दोन फोटॉनांचा एकूण संवेग शून्य मिळेल असा निरीक्षक नाही, विरुद्ध जाणाऱ्यांचा मिळेल असा आहे.

हे हिशेबातलं कौतुक नाही, रोज वापरलं जाणारं हत्यार आहे. ४ जुलै २०१२ रोजी सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेत जो नवा कण जाहीर झाला, त्याच्या पुराव्यांपैकी एक असाच होता: फोटॉनांच्या असंख्य जोड्यांची वस्तुमानं काढायची, आणि १२५ जीईव्हीजवळ त्यांची गर्दी दिसते का ते पाहायचं. तोच हिग्ज बोसॉन.

आपलं स्वतःचं वस्तुमानही बहुतांशी असंच आलेलं आहे. प्रोटॉनचं वस्तुमान ९३८ एमईव्ही, पण त्यातल्या तीन क्वार्कांची वस्तुमानं मिळवली तर जेमतेम एक टक्का भरतो. बाकीचं सगळं आतल्या क्वार्क आणि त्यांना बांधून ठेवणारे ग्लुऑन यांची गती आणि त्यांच्यातली बांधणी यांची ऊर्जा. उलटही होतं. ड्यूटेरॉन म्हणजे एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन, दोघांची बेरीज १८७७.८ एमईव्ही, पण ड्यूटेरॉन भरतो १८७५.६. एकत्र येताना जी २.२ एमईव्ही ऊर्जा बाहेर पडते, तेवढंच वस्तुमान कमी होतं.

इथे एक शंका मनात यायलाच हवी. गतीने वस्तुमान वाढत नाही म्हटलं, आणि आता आतल्या गतीने वस्तुमान येतं म्हणतो, हे कसं? फरक असा की संपूर्ण वस्तूची गती आणि वस्तूच्या आतली गती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वायूने भरलेली पेटी तापवली तर आतले रेणू जास्त धावतात, पण त्यांचे संवेग सगळ्या दिशांना असल्याने एकूण संवेग शून्यच राहतो. ऊर्जा वाढली, संवेग नाही, म्हणून पेटीचं स्थिर वस्तुमान खरोखर वाढलं. सगळ्यांनाच ते वाढलेलं मिळेल. एक लिटर पाणी २० वरून १०० अंश सेल्सिअसला नेलं तर वस्तुमान सुमारे ३.७ नॅनोग्रॅमने वाढतं. याउलट पेटी न तापवता नुसती वेगाने फेकली तर ऊर्जा आणि संवेग दोन्ही अशा बेताने वाढतात की वर्गांची वजाबाकी जागची हलत नाही. सुरुवातीच्या त्या प्रोटॉनने पृथ्वी नुसती धावताना पाहिली होती, तापलेली नव्हे.

पायरी ७: सोयीची चौकट निवडा

वस्तुमान कोणत्याही चौकटीत काढलं तरी तेच येतं, मग ज्या चौकटीत हिशेब सोपा तिथेच तो का करू नये?

१९५५ साली अमेरिकेतल्या बर्कलीच्या बेव्हाट्रॉन या त्वरकावर (कणांना प्रचंड ऊर्जा देणारं यंत्र) प्रतिप्रोटॉन, म्हणजे प्रोटॉनएवढ्याच वस्तुमानाचा पण उलट विद्युतभाराचा कण, सापडला. सेग्रे आणि चेंबरलेन यांना त्यासाठी १९५९ चं नोबेल मिळालं. मुळात प्रश्न असा होता: स्थिर प्रोटॉनवर दुसरा प्रोटॉन आदळवून प्रोटॉन-प्रतिप्रोटॉनची नवी जोडी निर्माण करायची, तर आदळणाऱ्याला किती ऊर्जा द्यावी लागेल? जोडीचं वस्तुमान प्रोटॉनच्या दुप्पट, म्हणून दोन प्रोटॉनांइतकी गतिज ऊर्जा पुरावी, असं चटकन वाटतं. ते चूक आहे.

टक्करीनंतर चार कण हवेत: मूळचे दोन प्रोटॉन आणि नवी जोडी. प्रोटॉनचं वस्तुमान १ धरू. कमीत कमी खर्च तेव्हा, जेव्हा एकूण संवेग शून्य असलेल्या चौकटीत हे चारही कण जागच्या जागी स्थिर जन्मतात. त्या चौकटीत एकूण ऊर्जा ४, म्हणून समूहाचं वस्तुमान ४. टक्करीआधी तिथे दोन प्रोटॉन समोरासमोरून येतात, प्रत्येकाची ऊर्जा २, म्हणजे गॅमा २ आणि वेग ०.८६६.

आता प्रयोगशाळेत येऊ, जिथे एक प्रोटॉन स्थिर आहे. दुसऱ्याचा सापेक्ष वेग आपण पाचव्या पायरीत काढलाच आहे, सुमारे ०.९९. नेमका ०.९८९७, आणि त्याचा गॅमा भरतो बरोबर ७. म्हणजे ऊर्जा ७, त्यातली गतिज ६. ताळा करा: एकूण ऊर्जा ७ + १ = ८. संवेगाचा वर्ग ४९ − १ = ४८. ६४ − ४८ = १६, वर्गमूळ ४. जुळलं. म्हणून गतिज ऊर्जा प्रोटॉनच्या वस्तुमानाच्या सहापट, सुमारे ५.६ जीईव्ही लागते. बेव्हाट्रॉन ६ जीईव्हीच्या थोडा वर जाईल असा बांधला होता, तो उगाच नव्हे.

तेच दोन प्रोटॉन समोरासमोरून आणले तर प्रत्येकी १ गतिज ऊर्जा, एकूण २ मध्ये काम भागतं. सहाऐवजी दोन! उरलेली चार कुठे जात होती? स्थिर लक्ष्यावर आदळल्यावर सगळ्या समूहाला पुढे धावत राहावं लागतं, कारण संवेग टिकला पाहिजे, आणि त्या धावण्याच्या ऊर्जेतून नवं वस्तुमान निर्माण होत नाही. ऊर्जा वाढेल तसा हा तोटा वाढत जातो. म्हणूनच सर्नच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडर या त्वरकात दोन्ही बाजूंनी ६.८ टीईव्हीचे प्रोटॉन समोरासमोर आणले जातात. (१ टीईव्ही म्हणजे १००० जीईव्ही.)

उत्तर आलं की तपासायचं काय

वेग १ च्या वर गेला तर थांबा. ऊर्जा संवेगापेक्षा कमी आली तर कुठेतरी चिन्ह चुकलं आहे. समूहाच्या वस्तुमानाचा वर्ग टक्करीआधी आणि नंतर, आणि प्रत्येक निरीक्षकाच्या रकान्यात, सारखाच आला पाहिजे. हा शेवटचा ताळा कधीही टाळू नका. गणित उलटसुलट कितीही केलेलं असो, चूक असेल तर तिथे ती पकडली जातेच.

सरावासाठी एक गणित. एका कणाच्या विघटनातून निघालेले दोन फोटॉन प्रयोगशाळेत एकाच रेषेवर विरुद्ध दिशांनी जाताना दिसले. उजवीकडे जाणाऱ्याची ऊर्जा १३५ एमईव्ही, डावीकडच्याची ३३.७५. मूळ कण कोणता, आणि तो किती वेगाने जात होता?

एकूण ऊर्जा १६८.७५. फोटॉनचा संवेग त्याच्या ऊर्जेइतकाच, दिशा विरुद्ध, म्हणून एकूण संवेग १०१.२५, उजवीकडे. वेग १०१.२५ ÷ १६८.७५ = ०.६. गॅमा १.२५, आणि १६८.७५ ÷ १.२५ = १३५. तो पायॉनच होता, प्रयोगशाळेच्या सापेक्ष ०.६ वेगाने उजवीकडे जाणारा. आता चौथ्या पायरीतली चौकट बदलायची रीत दोन्ही फोटॉनांना लावून पाहा, निरीक्षकाचा वेग उजवीकडे ०.६ घेऊन. दोघांचीही ऊर्जा ६७.५ आली पाहिजे.